"तुम्ही तेवढं त्याला समजावून सांगा"

"मॅडम, सहा वाजता त्याला मोबाईलसमोर बसवतो. तुम्ही तेवढं त्याला समजावून सांगा."

मुलांसोबत ऑनलाइन काम करणाऱ्या प्रत्येकाला हे वाक्य पाठ असेल. पोरगा सात वर्षांचा. तक्रारी त्याच: अभ्यासाला बसत नाही, उलटून बोलतो, मोबाईल सोडत नाही. मोबाईल सुटत नाही म्हणून मोबाईलवरच समजूत घालायची! असो.

मी समुपदेशक आहे. लॉकडाऊनमध्ये नाइलाजाने व्हिडिओ कॉल सुरू केले, आता निम्म्याहून जास्त कुटुंबं तिथेच भेटतात. त्यामुळे "ऑनलाइनमध्ये काही राम नाही" असं मी म्हणणार नाही. पण लहान मुलाला पाऊण तास स्क्रीनसमोर बसवायचं आणि आईवडिलांनी बाहेर टीव्ही बघायचा, अशी जी 'दहा सेशन्सची पॅकेजेस' सध्या विकली जातात, ती मला अजिबात पटत नाहीत. नऊ-दहा वर्षांपर्यंतच्या मुलाचं ऑनलाइन सेशन हे मुख्यतः आईबाबांचं सेशन असलं पाहिजे.

लहान मूल मनातलं बोलून दाखवत नाही, खेळून दाखवतं. समोरासमोर असताना माती, बाहुल्या, रंग हाताशी असतात. स्क्रीनवर तो पाच मिनिटं बोलतो, मग कॅमेऱ्यात नाक खुपसतो, मग फोन घेऊन गोठ्यात जाऊन शेळीचं पिल्लू दाखवतो (हे मला आवडतं, खोटं कशाला बोलू), आणि कंटाळा आला की लाल बटण दाबून मोकळा.

याउलट आईवडिलांसोबत फोनवरून जे जमतं, ते क्लिनिकमध्येही जमत नाही. अमेरिकेत शीला आयबर्ग यांनी १९७०च्या दशकात एक पद्धत विकसित केली. आई किंवा वडील मुलाशी खेळतात, थेरपिस्ट एकाच बाजूने दिसणाऱ्या काचेपलीकडून बघतो आणि पालकाच्या कानातल्या यंत्रातून जागच्या जागी सांगतो, आता काय बोला, कशाकडे दुर्लक्ष करा. माझ्याकडे ती खास काच कधीच नव्हती. आता फोन मांडणीवर तांदळाच्या डब्याला टेकवलेला असतो आणि आईच्या एका कानात इअरफोन. मी हळूच सांगते, "प्रश्न विचारू नका. त्याने काय केलं तेवढंच बोला." ती म्हणते, "तू निळा ठोकळा वर ठेवलास." पोरगा चमकून बघतो. सूचना नाही, चूक काढणं नाही, आई नुसतं बघतेय! त्याला हे नवीन असतं. आणि हे सगळं त्याच स्वयंपाकघरात होतं, जिथे रोज संध्याकाळी गृहपाठावरून रणकंदन माजतं.

दुसरा मोठा फायदा म्हणजे बाबा. क्लिनिकमध्ये ते क्वचित यायचे. रजा मिळत नाही, आणि "हे हिचं डिपार्टमेंट". आता चाकणला कंपनीत असलेला बाप सुट्टीच्या अर्ध्या तासात कँटीनबाहेरून जोडला जातो. आई गावाकडे, तो चाकणला, मी तिसरीकडे, आणि एकाच वेळी तिघं बोलतोय. बाप फोनवर धमकावतो आणि आई पाठीशी घालते, हा जो खेळ वर्षानुवर्षं चाललेला असतो, तो एकाच कॉलवर दोघांच्या लक्षात येतो. माझ्या मते ऑनलाइनची खरी कमाई ही आहे.

किशोरवयीन मुलांचं गणित मात्र उलटं. त्यांना स्वतःचा वेळ हवा आणि तो घरात मिळत नाही. दोन खोल्यांत पाच माणसं, पडद्यामागे निवडणं निवडत बसलेली आजी, आणि मुलगी म्हणते, "हो, मी एकटीच आहे." म्हणून माझा पहिला प्रश्न कायम एकच: आत्ता कुठे आहेस आणि जवळ कोण आहे? आम्ही एक शब्द ठरवतो. ती "प्रॅक्टिकलची वही" म्हणाली की समजायचं, कोणीतरी आलंय, विषय बदला. कधी मी फक्त हो-नाहीत उत्तर देता येईल असंच विचारते. कधी ती टाइप करते, मी बोलते.

पालकांची संमती लागतेच, मूल अठराच्या आतलं असतं. पण संमती दिली म्हणजे दाराला कान लावायची परवानगी मिळाली असं नाही. आणि कृपा करून सेशन चोरून रेकॉर्ड करू नका. मुलांना कळतं, आणि त्यानंतर ती कोणाशीच बोलत नाहीत.

गुप्ततेलाही हद्द आहे, तीही पहिल्याच भेटीत सांगते. जिवाला धोका असेल तर मी गप्प बसणार नाही. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर २०१२च्या पॉक्सो कायद्याने ती कळवणं बंधनकारक आहे. घरातच मारहाण होत असेल, मूल स्वतःला इजा करत असेल, तर नुसत्या व्हिडिओ कॉलवर विसंबू नये. प्रत्येक सेशनला पत्ता, जवळचं रुग्णालय आणि एका नातेवाइकाचा नंबर जो थेरपिस्ट विचारत नाही, त्याच्याकडे मी माझं मूल पाठवणार नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर भारतीय पुनर्वसन परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा, लाजू नका. 'काउन्सेलर' ही पाटी तर कोणीही लावतं.

हे सगळं करून ऑनलाइनच का, तर दुसरं आहे काय? २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातली ७.३ टक्के मुलं मानसिक आजाराने त्रस्त आढळली. ते सर्वेक्षण १२ राज्यांत झालं आणि त्यात महाराष्ट्र नव्हताच! जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ साली सुरू झाला, तरी तालुक्याच्या गावी मुलांचा मानसोपचारतज्ज्ञ विचारून बघा. किनवटच्या आईने दर आठवड्याला एका दिवसाची मजुरी बुडवून नांदेड गाठायचं का?

खाजगी फी परवडत नसेल, किंवा स्मार्टफोनच नसेल, तर १४४१६. ही सरकारची टेली-मानस सेवा, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. फुकट, चोवीस तास, मराठीतही, आणि बटणाच्या साध्या फोनवरूनही चालते. आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतात, गरज पडली तर पुढे तज्ज्ञांकडे जोडून देतात. मूल संकटात असेल तर १०९८, ही मुलांसाठीची हेल्पलाइन. आणि मूल बोलायला तयार नाही म्हणून थांबू नका. तुम्हीच फोन करा, तुमच्या घरात काय चाललंय ते सांगा, त्याला समोर बसवायची काही गरज नाही.

(ओळख पटू नये म्हणून कुटुंबांचे तपशील बदलले आहेत.)