फायनान्समध्ये यायचंय? कॉलेजच्या रँकिंगआधी ‘समर्स’ बघा

एमबीए प्रवेशाच्या कॅट परीक्षेचे निकाल लागले की मला एकाच धर्तीचे मेसेज यायला लागतात. पुण्याच्या हिंजवडीत किंवा खराडीत आयटीत तीन-चार वर्षं कोडिंग झालेलं असतं, आता फायनान्समध्ये यायचं असतं, आणि दोन कॉलेजांची नावं पाठवून विचारलेलं असतं, ‘ताई, यातलं कुठलं घेऊ?’ मीही सॉफ्टवेअर सोडून, एमबीए करून बँकेच्या कॉर्पोरेट क्रेडिटमध्ये, म्हणजे कंपन्यांना कर्ज देणाऱ्या विभागात आले आहे, त्यामुळे या प्रश्नामागची तगमग मला पुरती कळते. प्रत्येकाला तुटक उत्तरं देण्यापेक्षा आज सविस्तर लिहिते.

आधी मी उलट विचारते: फायनान्समध्ये म्हणजे नक्की कुठे? इथे बहुतेकजण थबकतात. इक्विटी रिसर्चमधला, म्हणजे शेअर्सचा अभ्यास करणारा माणूस तिमाही निकाल, ॲन्युअल रिपोर्ट आणि आकड्यांची मॉडेल्स यांत दिवस काढतो. इन्व्हेस्टमेंट बँकिंगवाले आयपीओ आणि कंपन्यांच्या खरेदी-विक्रीच्या डीलमागे रात्री जागतात. बँकेच्या ट्रेझरीत सरकारी रोखे आणि डॉलर-रुपयाचे भाव. आमच्या क्रेडिटमध्ये कंपनीचा ताळेबंद, हातात येणारी रोकड आणि प्रमोटरचा आजवरचा व्यवहार बघून ठरवायचं, की दिलेलं कर्ज परत येईल का. वेल्थमधला, म्हणजे श्रीमंतांची गुंतवणूक बघणारा रिलेशनशिप मॅनेजर ग्राहक सांभाळतो आणि त्याच्या डोक्यावर विक्रीचं टार्गेट असतं. यातलं कुठलंच काम कमी प्रतीचं नाही. पण प्रत्येकाला स्वभाव वेगळा लागतो, आणि भरतीही वेगवेगळ्या वाटेने होते.

कॉलेजच्या प्लेसमेंट रिपोर्टमध्ये मात्र हे सगळं बहुतेकदा ‘बीएफएसआय’ (बँकिंग, वित्तीय सेवा आणि विमा) नावाच्या एकाच रकान्यात टाकलेलं असतं. विमा कंपनीतली सेल्सची नोकरी त्यातच आणि परदेशी बँकेचा डील डेस्क, म्हणजे कंपन्यांचे सौदे जुळवणारी टीमही त्यातच. त्यामुळे तो आकडा कितीही भरघोस दिसला तरी त्यावरून तुम्हाला हवं ते काम तिथे मिळतं की नाही, हे कळत नाही. कंपनीच्या नावाशेजारी पदाचं नाव मागा. सरासरी पगार बाजूला ठेवा. चार-दोन मोठी पॅकेजेस तो वर ओढतात. मध्यक म्हणजे मीडियन बघा. प्लेसमेंटचे आकडे ठरावीक साच्यात मांडून ते त्रयस्थाकडून तपासून घेण्याच्या प्रथेसाठी आयआयएम अहमदाबादने पुढाकार घेतला होता. तुमचं कॉलेज असा तपासलेला रिपोर्ट काढतं का, तेही विचारा. जे कॉलेज हे सांगायला टाळाटाळ करतं त्याच्यापासून मी तरी माझ्या धाकट्या भावाला लांब ठेवीन.

आता माझ्या मते सगळ्यात निर्णायक गोष्ट. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात पहिलं वर्ष संपल्यावर, साधारण एप्रिल-मेमध्ये, दोनेक महिन्यांची इंटर्नशिप असते. तिलाच सगळे ‘समर्स’ म्हणतात. बीकॉम-सीए करून आलेल्याच्या सीव्हीवर फायनान्स आधीपासूनच असतं. आयटीतून आलेल्याच्या सीव्हीवर फायनान्सची पहिली ओळ समर्समुळे लिहिली जाते. इन्व्हेस्टमेंट बँका तर आपल्या जागा मुख्यतः इंटर्न्सना पीपीओ, म्हणजे इंटर्नशिपवरूनच कायम नोकरीची ऑफर देऊन भरतात. समर्स फायनान्सबाहेर झाली, तर शेवटच्या प्लेसमेंटमध्ये कंपन्या तुमचा जुना अनुभव बघतात आणि प्रॉडक्ट मॅनेजर किंवा टेक कन्सल्टिंगच्या शॉर्टलिस्टमध्ये घालतात. पगार उत्तम मिळतो, पण ज्यासाठी नोकरी सोडून, कर्ज काढून आलो ते काम हाताला लागत नाही. अशी गुणी मुलं मी बघितली आहेत आणि फार हळहळ वाटते.

मोठ्या आयआयएममध्ये समर्सच्या मुलाखती पहिल्या वर्षीच, दिवाळीच्या आगेमागे होतात. जूनमध्ये कॉलेज सुरू झालेलं असतं. म्हणजे कॉर्पोरेट फायनान्सचा पेपर नुकता कुठे सुरू झालाय आणि समोरचा तुम्हाला डिस्काउंटेड कॅश फ्लोवर, म्हणजे पुढे येणाऱ्या रोकडीवरून कंपनीची आजची किंमत काढण्यावर प्रश्न विचारतोय. दहावी-बारावी-पदवीचे मार्क आता बदलता येत नाहीत, आणि शॉर्टलिस्टमध्ये तेही बघितले जातात. बदलता येतं ते एवढंच, की प्रवेश ठरल्यापासून जूनपर्यंत अकाउंटिंग आणि व्हॅल्युएशन पक्कं करायचं. जमलं तर सीएफए या गुंतवणूक विश्लेषणाच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेची पहिली लेव्हल द्यायची. १८० प्रश्नांची परीक्षा, वर्षातून चारदा होते. सीएफए चार्टरसाठी तिन्ही लेव्हल्स आणि ४,००० तासांचा कामाचा अनुभव लागतो, तो पल्ला लांबचा. पण इंजिनीअरच्या सीव्हीवर पहिली लेव्हल दिसली, की हा माणूस विचार करून इकडे वळलाय एवढं तरी समोरच्याला पटतं.

म्हणूनच एक वर्षाच्या कोर्सबद्दल मी सावध करते. हैदराबादच्या आयएसबीचा कोर्स, आयआयएमपैकी अहमदाबादचा पीजीपीएक्स, बंगळुरूचा ईपीजीपी, कलकत्त्याचा एमबीएईएक्स (पूर्वीचा पीजीपीईएक्स) हे सगळे दर्जेदार आहेत. अनुभव असलेल्याला आपल्याच क्षेत्रात वर चढायचं असेल तर वर्षही वाचतं. पण त्यात समर्स नाही. डील डेस्क किंवा रिसर्चसारख्या कामात अगदी नव्याने शिरायचं असेल तर ही उणीव जड जाते. परदेशातही तेच. फ्रान्सच्या इन्सिआडचा कोर्स दहा महिन्यांचा, पण जानेवारीत सुरू होणाऱ्या तुकडीला मध्ये उन्हाळ्यात इंटर्नशिपसाठी सुट्टी मिळते, ऑगस्ट-सप्टेंबरच्या तुकडीला मिळत नाही. नाव एकच, कोर्स तोच, आणि करिअर बदलणाऱ्यासाठी केवढा फरक!

शहराचं काय? मुंबईचा फायदा खरा आहे. चर्चगेटचं जमनालाल बजाज १९६५ पासूनचं, नरिमन पॉइंट तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. अंधेरीचं एसपीजेआयएमआर, चर्चगेटचंच सरकारी सिमसरी. संध्याकाळी सीनियरला बीकेसीत किंवा लोअर परळला गाठता येतं, लाइव्ह प्रोजेक्ट, म्हणजे शिकता शिकता कंपनीसाठी करायचं छोटं काम, मिळवणं सोपं जातं. त्यातून जमनालाल बजाज आणि सिमसरीला राज्याच्या सीईटी प्रवेशपरीक्षेतून प्रवेश मिळतो आणि फी आयआयएमपेक्षा पुष्कळ कमी. आपल्याकडची मुलं सीईटीला दुय्यम समजतात, याचं मला वाईट वाटतं. दुसरीकडे कलकत्ता आयआयएम मुंबईपासून इतकं लांब असूनही फायनान्ससाठीच ओळखलं जातं, कारण तिथली परंपरा जुनी आणि माजी विद्यार्थी या धंद्यात जागोजागी बसलेले. बँकिंगच करायचं पक्कं असेल तर पुण्याचं एनआयबीएम (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ बँक मॅनेजमेंट) हेही बघा. रिझर्व्ह बँकेने १९६९ मध्ये बँकांच्या साथीने उभी केलेली ही संस्था पुण्यातल्याच मुलांना ठाऊक नसते.

फीचा संबंध फक्त ऐपतीशी लावू नका. आयआयएम अहमदाबादची दोन वर्षं २५ लाखांच्या आसपास, आयएसबी त्याहून बरंच वर. ३० लाखांचं कर्ज, १० टक्के व्याज, १० वर्षं मुदत धरली तर हप्ता महिना साधारण ३९,६०० रुपये. शिकत असताना हप्ता नसतो, पण व्याज चढतच असतं, ते वेगळं. प्राप्तिकरात या व्याजाची वजावट मिळते, तीही जुनी करप्रणाली घेतली तरच. आता इक्विटी रिसर्चमध्ये सुरुवातीचा पगार अनेकदा कन्सल्टिंगपेक्षा कमी असतो. एवढा हप्ता असलेला मुलगा आवडीचं काम सोडून जास्त आकड्याची ऑफर घेतो, आणि तो त्या वेळी दुसरं काही करूही शकत नाही. कमी फीचं कॉलेज निवडलं तर ही मोकळीक हातात राहते.

आणि काहींना मी एमबीए नकोच म्हणते. बार्कलेज, डॉइश बँक, बीएनवाय, यूबीएस यांची मोठी ऑफिसं पुण्यातच आहेत. गणित-स्टॅटिस्टिक्स चांगलं असेल आणि जोखीम मोजण्याचं काम आवडत असेल, तर नोकरी सांभाळून एफआरएम या जोखीम व्यवस्थापनाच्या परीक्षेचे दोन पार्ट द्या आणि अशा ठिकाणी टेक्नॉलॉजीतून रिस्ककडे सरका. वेळ लागतो, पण पगार सुरू राहतो आणि घरही.

फॉर्म भरण्याआधी त्या कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांशी बोलाच. कॉलेजने पुढे केलेल्यांशी नव्हे, लिंक्डइनवर तुम्ही स्वतः शोधलेल्यांशी. तुमच्यासारखाच आयटीतून आलेला, आणि तुम्हाला हवं असलेलंच काम आज करणारा माणूस गाठा. त्याला समर्स कुठे मिळाली, त्याच्या बॅचमध्ये असे आणखी कितीजण होते, हे विचारा. असं कुणीच सापडलं नाही, तर त्या कॉलेजबद्दल पुन्हा विचार करा.

माझ्या यादीतले जे आज रिसर्च, ट्रेझरी, डील्स किंवा क्रेडिटमध्ये आहेत त्यांना विनंती: अनोळखी मुलाचा मेसेज आला तर पंधरा मिनिटं द्या. मार्गदर्शन करायची तयारी असेल तर खाली तुमचं शहर आणि कामाचा प्रकार लिहा. मला येणारे मेसेज मी योग्य माणसाकडे पाठवीन.