दुसरा नंबर कुणाला दिलात?

आयर्लंडच्या निवडणुकीचा विषय निघाला की आपली मंडळी लगेच लिओ वराडकरवर येतात. मालवण तालुक्यातलं वराड, वडील तिकडचे, पोरगा 2017 ला टीशख झाला (टीशख म्हणजे इथला पंतप्रधान), आपला माणूस वगैरे. ठीके, कौतुक मलाही आहे. पण 2020 ला हाच माणूस पंतप्रधान असताना स्वतःच्या डब्लिन वेस्टमध्ये पहिला नव्हता, शिन फेन या डाव्या, राष्ट्रवादी पक्षाचा उमेदवार त्याच्या पुढे होता आणि लिओला मोजणीच्या पाचव्या फेरीपर्यंत थांबावं लागलं, हे कुणी सांगत नाही. मला तर सगळी गंमत त्या फेऱ्यांतच वाटते.

इथं बटण नाही की शिक्का नाही. कागद आणि पेन्सिल. उमेदवारांच्या नावापुढे 1, 2, 3 असे हवे तितके नंबर टाकायचे. एका मतदारसंघातून तीन ते पाच जण निवडून येतात, आणि तुमचा 1 नंबरवाला बाद झाला किंवा त्याला लागतात त्यापेक्षा जास्त मतं पडली की मत पुढच्या नंबराकडे सरकतं. त्याला म्हणतात ट्रान्सफर. मोजणी दोन-दोन दिवस चालते, पक्षांचे लोक कठड्याला रेलून कागदावर रेघा मारत अंदाज बांधत बसतात. मध्ये सरकारने मतदानाची मशिनं घेतली होती, पाच कोटी युरोंच्या वर खर्च, देशभर कधी वापरलीच नाहीत, शेवटी भंगारात गेली.

आता मुद्दा. फियाना फॉल आणि फिन गेल हे इथले दोन जुने पक्ष. 1922-23 च्या यादवी युद्धातल्या दोन बाजू, ब्रिटिशांशी केलेला करार पहिल्याला अमान्य आणि दुसऱ्याला मान्य, एवढ्यावरून पडलेले. धोरणात फरक शोधायला भिंग लागेल, पण आजोबा कुठल्या बाजूला होते त्यावर घराचं मत ठरायचं. 1982 च्या नोव्हेंबरात दोघांची मिळून मतं 84 टक्के होती, 2024 ला 43 सुद्धा नाहीत. मधे काय झालं? 2008 ला बँका बुडाल्या, 2010 ला आयएमएफ आणि युरोपकडे हात पसरावे लागले, आणि 2011 ला फियाना फॉल 20 जागांवर आली. डब्लिनमध्ये फक्त एक! सगळे इथपर्यंतच सांगतात, की लोक चिडले आणि पक्ष आपटला.

पण माझ्या मते खरा बदल 1 नंबरात दिसतच नाही, तो 2 आणि 3 मध्ये दिसतो. आमच्या शेजारचे आजोबा, वय 78, घराणं करार करणाऱ्या मायकेल कॉलिन्सच्या बाजूचं, म्हणजे फिन गेलवाले. सांगतात की वडिलांच्या हयातीत घरात कुणी फियाना फॉलला दहावा नंबरही दिला नाही. नोव्हेंबर 2024 ला यांनी 2 नंबर फियाना फॉलला दिला. मी विचारलं, हात थरथरला का? म्हणे पेन्सिल बोथट होती म्हणून वेळ लागला, बाकी काही नाही. यादवी युद्ध संपलं ते असं, पेन्सिलीने, शंभर वर्षांनी. 2020 पासून दोन्ही पक्ष एकत्र सरकारात आहेत, आता अपक्षांच्या टेकूवर.

आणि शिन फेन? 2020 ला पहिल्या पसंतीत सगळ्यांच्या पुढे, 24.5 टक्के, पण उमेदवारच उभे केले होते 42. आदल्या वर्षी लोकल निवडणुकीत मार खाल्ला होता म्हणून घाबरले. 37 निवडून आले आणि उरलेली मतं ट्रान्सफर होऊन बाकीच्या डाव्यांचं भलं झालं. दुसरीकडे दोन जुने पक्ष एकमेकांना ट्रान्सफर द्यायला शिकले. भाड्याच्या खोल्यांत पिचलेली पोरं एकीकडे, स्वतःचं घर असलेली मंडळी दुसरीकडे, ही नवी फाळणी आहे आणि ती आजोबांच्या बाजूवर ठरत नाही.

‘आयर्लंड आता पुरोगामी झालं’ असं झटकन म्हणणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं. गर्भपातबंदी 1983 ला सुमारे दोन तृतीयांश मतांनी घटनेत आली आणि 2018 ला तेवढ्याच मतांनी गेली. मधे 2012 मध्ये इथल्या दवाखान्यात गर्भपात नाकारल्यावर सविता हलप्पनवार गेली, बेळगावची मुलगी, तिचं नाव इथं आजही खालच्या आवाजात घेतात. घटस्फोट 1995 ला जेमतेम 9,114 मतांनी पास झाला. पण मार्च 2024 ला कुटुंबाच्या व्याख्येचा प्रस्ताव लोकांनी सपशेल आपटवला, बहुतेक सगळे मोठे पक्ष बाजूने असताना. 1959 ची गोष्ट तर माझी आवडती: फियाना फॉलचा संस्थापक आणि तेव्हाचा टीशख डी व्हॅलेरा, त्याला ही नंबरवाली पद्धत काढायची होती, लोकांनी त्याच दिवशी त्याला राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून दिलं आणि त्याचा प्रस्ताव पाडला. माणूस चालेल, आयडिया नको.

इथं राहणारा कुणीही, नागरिक नसला तरी, लोकल निवडणुकीत मत देऊ शकतो. जून 2024 ला मी दिलं. हातभर लांब कागद, उमेदवारांचे फोटो, मी 9 पर्यंत नंबर टाकले. आमच्या ग्रुपमधले दोघंतिघं फक्त 1 टाकून बाहेर, आपल्याकडची सवय, डोक्याला ताप! बाहेर शेजारचे आजोबा भेटले. पहिला कुणाला दिला ते विचारलंच नाही त्यांनी. म्हणे, ‘दुसरा?’

मी नाही सांगितलं.