‘मास्तर मोबाईलचे व्यसनी’ म्हणणाऱ्या मेसेजला एका शिक्षिकेचं उत्तर

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला सात ग्रुपवर आला. गावच्या ग्रुपवर, माहेरच्या ग्रुपवर आणि शिक्षकांच्या तीन ग्रुपवरसुद्धा. मथळा असा: ‘शिक्षकांना जडलं मोबाईलचं व्यसन, ही आहेत कारणं’. खाली पाच मुद्दे. मास्तरांना काम कमी आणि पगार भरपूर, म्हणून ते मोबाईलवर असतात. दिवसाला चार तासांपेक्षा जास्त मोबाईल बघणारा व्यसनी समजावा. हे व्यसन दारूसारखंच आहे आणि डॉक्टरांनी ते मान्य केलंय. नवे पोरसवदा शिक्षक बिघडलेत, जुने गुरुजी बरे. आणि उपाय एकच, शाळेत पाय ठेवताच मोबाईल जमा करून घ्या. सोबत एक फोटो: शाळेच्या आवारात मोबाईलमध्ये डोकं घालून उभा असलेला शिक्षक.

मी परभणी जिल्ह्यात, जिंतूर तालुक्यातल्या एका दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळेवर आहे. नोकरीला एकोणीस वर्षं झाली. या पाचांतला एक मुद्दा मला अर्धा पटतो, बाकीचे नाही. शिक्षकांना मोबाईलची सवय जडायचा धोका नाही, असं मी म्हणत नाही. धोका आहे आणि तो मी जवळून बघितलाय. पण दुखतंय एकीकडं आणि लेप लावायचा भलतीकडं, असं या मेसेजनं केलंय.

आधी फोटोबद्दल बोलते. आमच्या शाळेत रेंज दोनच ठिकाणी येते, पाण्याच्या टाकीपाशी आणि ध्वजस्तंभाच्या कट्ट्यावर. हजेरी चॅटबॉटवर टाकायची. दुपारी खिचडी किती मुलांनी खाल्ली तो आकडा एमडीएम ॲपवर भरायचा. एखादा उपक्रम असला की त्याचे फोटो लिंकवर चढवायचे. मग मी कट्ट्यावर चढते, हात उंच धरते आणि स्क्रीनवर फिरणारं चक्र थांबायची वाट बघते. कधी दोन मिनिटं, कधी पंधरा. रस्त्यावरून मोटारसायकलवर जाणारा माणूस मान वळवून बघतो आणि संध्याकाळी पारावर सांगतो, "मॅडम शाळंत निस्त्या मोबाईलच बघायल्यात." त्याचा मला राग येत नाही. त्याला जे दिसलं तेच तो बोलला. पण फोटोत कट्टा दिसतो, चक्र दिसत नाही.

‘काम कमी, पगार भरपूर’

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला दुसरं अशैक्षणिक काम देता येत नाही. कागदावर एवढंच. प्रत्यक्षात यू-डायस पोर्टलवर शाळेची माहिती, मुलांच्या आधारची जुळणी, मुलांचे अपार ओळख क्रमांक, शालार्थ प्रणालीवरची पगाराची बिलं, दीक्षा ॲपवरची प्रशिक्षणं, मतदार यादीचं काम, हे सगळं आमच्याच मोबाईलवरून चालतं. मोबाईल स्वतःचा, रिचार्जही स्वतःच्या पैशाचा.

त्यात ऊसतोडीचा हंगाम. दसरा झाला की आमच्या वाडीतली बिऱ्हाडं टोळीसोबत निघतात, कोणी कोल्हापूरकडं, कोणी थेट कर्नाटकात. पटावरची सहा-सात मुलं एकदम गायब होतात. मग मुकादमाचा नंबर मिळवायचा, बाप फडात असतो म्हणून आईला रात्री फोन करायचा, पोरगी तिथल्या शाळेत बसली का विचारायचं, आजीपाशी ठेवता येईल का बघायचं. मागच्या हंगामात एका चौथीतल्या मुलीला मी व्हिडिओ कॉलवर रोज वाचन द्यायचे. ती कोपीत बसून चिमणीच्या उजेडात वाचायची. ती वीस मिनिटंही माझ्या मोबाईलच्या हिशोबात ‘वापर’ म्हणूनच जमा झाली.

पगाराचं म्हणाल तर नवा शिक्षक पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक असतो. २०२३ मध्ये प्राथमिकचं मानधन महिना १६,००० रुपये झालं, त्याआधी ते ६,००० होतं. अंशतः अनुदानित शाळांतले कित्येक जण तर अनुदानाच्या पुढच्या टप्प्याचा जीआर आला का, हेच दिवसातून दहा वेळा ग्रुपवर बघत असतात. ती रिकामपणाची सवय नाही. पोटाचा प्रश्न त्या स्क्रीनवर येणार असतो.

आणि मेसेज लिहिणाऱ्याला न दिसलेला खरा धोका इथंच आहे. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाचे कबुतरांवरचे प्रयोग डीएड-बीएडला आपण सगळ्यांनी वाचलेत. दर वेळी दाणा मिळाला तर कबुतर भूक लागली की कळ दाबतं. दाणा कधी मिळेल याचा नेमच नसला, तर ते दाबतच राहतं आणि ती सवय मोडायला फार वेळ लागतो. आता शिक्षकांचा ग्रुप बघा. दिवसाला साठ मेसेज. त्यांत ‘शुभ सकाळ’, वाढदिवस, कोणाच्या तरी सत्काराचे फोटो, आणि मध्येच एक ‘तात्काळ, आज ४ वाजेपर्यंत लिंक भरावी’. कुठला मेसेज कामाचा आहे ते उघडल्याशिवाय कळत नाही. एकदा असा मेसेज मी दुसऱ्या दिवशी बघितला आणि मला लेखी खुलासा द्यावा लागला. त्यानंतर चार महिने मोबाईल थरथरला की माझा हात आपोआप जायचा. स्वयंपाक करताना, मुलाच्या अंगात ताप असताना, देवापुढं दिवा लावताना. लिंक भरून झाली की अंगठा तसाच पुढं सरकायचा आणि भानावर यायचे तेव्हा अर्धा तास रील बघण्यात गेलेला असायचा. कामाचं दार आणि करमणुकीचं दार एकाच भिंतीत, एकाला एक लागून आहे. शिक्षकाला पहिलं दार दिवसातून तीस-चाळीस वेळा उघडावंच लागतं. माझ्या मते जोखमीची सगळ्यात मोठी बाब ही आहे, आणि मेसेजमध्ये तिचा उल्लेखही नाही.

‘चार तासांपेक्षा जास्त म्हणजे व्यसन’

या मुद्द्यावर फार वेळ घालवत नाही. असा सर्वमान्य आकडा कुठल्याही वैद्यकीय यादीत नाही. माणसं आपला वापर किती तास ते सांगतात आणि मोबाईलमध्ये प्रत्यक्ष किती नोंदला जातो, यांचा मेळ नीट बसत नाही, हे २०२१ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासून दाखवलं गेलंय. विचारायचं असेल तर वेगळं विचारा. थांबायचं ठरवूनही थांबता येत नाही का? जेवण, झोप, पोरंबाळं, वर्ग हे सगळं मोबाईलच्या मागं पडलंय का? नुकसान दिसत असूनही तेच चालू आहे का? या तिन्हींची उत्तरं महिनोन् महिने ‘हो’ येत असतील तर दोन तासांचा वापरही काळजीचा आहे. नसतील तर सहा तासांचाही नाही.

‘दारूसारखंच, डॉक्टरांनी मान्य केलेलं’

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीची अकरावी आवृत्ती २०२२ पासून लागू झाली. तिच्यात गेमिंगचा विकार आहे, जुगाराचा आहे. ‘मोबाईलचं व्यसन’ या नावाचा आजार नाही. वरचे तीन प्रश्नही त्या गेमिंग विकाराच्या निकषांवरूनच मी घेतलेत, आणि तिथं साधारण १२ महिन्यांची अट आहे. मोबाईलच्या सवयीच्या सर्वेक्षणांत सर्रास वापरली जाणारी दहा प्रश्नांची प्रश्नावली २०१३ मध्ये दक्षिण कोरियात तयार झाली, तीही किशोरवयीन मुलामुलींवरून. मुलांसाठी ३१ आणि मुलींसाठी ३३ गुणांच्या पुढं धोका समजायचा, ही रेषा तिथली आहे. ती पंचेचाळिशीच्या, दोन वर्ग एकत्र शिकवणाऱ्या बाईला जशीच्या तशी लावून ‘इतके टक्के शिक्षक व्यसनी’ म्हणणं बरोबर नाही.

याचा अर्थ त्रास खोटा, असा नाही. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत अशा त्रासासाठी २०१४ पासून वेगळं क्लिनिक चालतं. पण शेजारच्या माणसाला ‘व्यसनी’ हा शब्द चिकटवला की तो लपवायला लागतो, आणि लपवलेल्या दुखण्यावर इलाज होत नाही. आपल्याकडं दारूनं घरं कशी बसली ते ज्यांनी बघितलंय, त्यांनी तरी हा शब्द जपून वापरावा.

‘नवे बिघडले, जुने बरे’

तरुण वयात धोका जास्त, असं बऱ्याच अभ्यासांत दिसतं, हे मान्य. पण वयासोबत आणखी काय आहे ते बघा. एकटेपणा, ताण, चिंता, अपुरी झोप यांचा या सवयीशी संबंध पुन्हापुन्हा सापडतो. मात्र बहुतेक अभ्यास एका वेळी प्रश्न विचारून केलेले असतात. मोबाईलमुळं माणूस उदास झाला की उदास होता म्हणून मोबाईलकडं वळला, हे त्यांतून ठरत नाही. डॅनियल कार्डेफेल्ट-विंथर या संशोधकानं २०१४ मध्ये मांडलं की माणूस आयुष्यात काय भरून काढायला स्क्रीनकडं जातो, ते आधी विचारलं पाहिजे.

माझ्या शाळेतला दुसरा शिक्षक सव्वीस वर्षांचा आहे. शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरून नेमणूक मिळाली, घर चारशे किलोमीटरवर. जिंतूरला एक खोली भाड्यानं घेतलीय. संध्याकाळी सहाला एसटीतून उतरला की सकाळपर्यंत बोलायला कोणी नाही. तो मला एकदा म्हणाला, "मॅडम, मेसवरून डबा आणतो, मोबाईल तांब्याला टेकवतो आणि मग जेवतो. समोर कोणीतरी बोलतंय असं वाटतं." त्याला बिघडलेला म्हणणाऱ्यांनी त्या खोलीत एक रात्र काढावी. कोकणात नोकरी करणारे आपल्या मराठवाड्याचे किती शिक्षक आंतरजिल्हा बदलीची वाट बघत वर्षानुवर्षं असेच जेवतात.

बायकांचं वेगळंच. शाळा, मग घर, मग सासूबाईंची औषधं, भांडी. अकरा वाजता पहिल्यांदा स्वतःचा म्हणावा असा अर्धा तास हाती येतो आणि तो मोबाईलच घेतो. झोप मोडते ती त्यातून. आणि जुने गुरुजी बरे म्हणता, तर हा मेसेज मला रात्री पावणेबाराला पाठवणारे गृहस्थ निवृत्तीला आलेले मुख्याध्यापक आहेत.

‘मोबाईल जमा करा, सुटेल’

हा तो अर्धा पटलेला मुद्दा. तास चालू असताना मोबाईल हातात नको, याबद्दल दुमत नाही. मी फळ्याकडं वळले असताना मागं मोबाईल वाजला तर वीस जोड्या डोळे तिकडं जातात आणि परत आणायला पाच मिनिटं लागतात. वर्गात रील बघणारा शिक्षक असेल तर त्याला जाब विचारायचा हक्क पालकांना आहे. आमच्याकडं दोघांचे मोबाईल तासाला कपाटात असतात, मधल्या सुट्टीत कट्ट्यावर जाऊन माहिती भरतो.

पण सवय लागते ती रात्री, आणि रात्री कपाटाला कोण कुलूप लावणार? त्यासाठी वरून काहीतरी व्हावं लागेल. कार्यालयीन सूचनांचा ग्रुप वेगळा, त्यावर फक्त ॲडमिननं लिहायचं, शुभेच्छा बंद. संध्याकाळी सहानंतर लिंक नाही. एकच माहिती चार ठिकाणी मागायची नाही. फ्रान्समध्ये कामाच्या वेळेनंतर संपर्कातून मोकळं राहायचा हक्क २०१७ पासून कायद्यात आहे. आपल्याकडं सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत तसं खाजगी विधेयक मांडलं होतं. कायदा दूर राहिला, तालुक्याच्या पातळीवर एक साधं पत्रक निघालं तरी शेकडो उशा शांत होतील. आणि ज्याला एकट्यानं आवरणं जमत नाही त्यानं १४४१६ वर फोन करावा. टेली-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी हेल्पलाइन मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं.

दिवाळीनंतर आम्ही दोघांनी ठरवलं, रात्री नऊला डेटा बंद. त्याला गजरासाठी मोबाईल उशाशी लागायचा, म्हणून बाजारातून चावीचं घड्याळ आणलं. पहिला आठवडा तो तरी दोन-दोनदा उठून बघायचा. आता शनिवारी माझ्या घरी जेवायला येतो, माझ्या मुलाला बुद्धिबळ शिकवतो. या काळात एक लिंक आमच्याकडून उशिरा भरली गेली. रात्री दहाला आली होती, सकाळी आठपर्यंत मागितली होती. त्याचा खुलासा दोघांनी मिळून लिहिला आणि त्यात वेळेसकट लिहिलं की रात्री नऊनंतर आमचे मोबाईल बंद असतात.