पुढं काय, मास्तरच ना?

परवा शेजारचे काका मुलाला घेऊन घरी आले. पोराला बीएस्सी फिजिक्सला जायचंय आणि त्यावरून घरात आठवडाभर धुसफूस चाललीय. काकांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "ताई, तुम्हीच सांगा. इंजिनिअरिंगला नंबर लागतोय ह्याचा. ते सोडून फिजिक्स करायचं म्हणतोय. पुढं काय, मास्तरच ना?"

वीस वर्षांपूर्वी माझ्या मामानं मला हेच विचारलं होतं. तेव्हा माझ्याकडं उत्तर नव्हतं. आता आहे, पण ते एका चहात काही बसलं नाही, म्हणून इथं लिहितेय.

आधी मास्तरकीचंच सांगते. शिवाजी विद्यापीठातून एमएस्सी केलं, सेट (प्राध्यापकीची राज्य पात्रता परीक्षा) निघाली, आणि एका कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर लागले. जेवढे तास शिकवाल तेवढे पैसे, सुट्टीचे नाहीत, आणि तेही बिल मंजूर होईल तेव्हा. मार्चमध्ये घेतलेल्या तासांचे पैसे मला दिवाळीच्या तोंडावर मिळाले. पुढं कायम जागा निघाली तेव्हा 'आतल्या' एकानं आकडा सांगितला. तो ऐकून बाबा एवढंच म्हणाले, "एवढ्यात रान येतंय की." त्यामुळं निव्वळ प्राध्यापक व्हायचं म्हणून कुणी फिजिक्स घेत असेल तर मी सरळ नको म्हणते. शिकवणाऱ्या मित्रमैत्रिणींनी रागवायचं तर रागवा, पण तुमच्यातलेच अर्धे हे मला खासगीत सांगतात.

आज मी कॅन्सर हॉस्पिटलमध्ये मेडिकल फिजिसिस्ट आहे. हे पद असतं हेच मला एमएस्सी होईपर्यंत माहीत नव्हतं, आणि खरी तक्रार माझी इथं आहे. रेडिएशन देणाऱ्या प्रत्येक हॉस्पिटलला अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमानं फिजिसिस्ट ठेवावाच लागतो. एमएस्सी फिजिक्सनंतर बीएआरसीत, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्रात, रेडिओलॉजिकल फिजिक्सचा एक वर्षाचा डिप्लोमा असतो, मग हॉस्पिटलमध्ये वर्षभर इंटर्नशिप. पाच वर्षांत एकाही सरांनी वर्गात हे सांगितलं नाही. त्यांनाही माहीत नसेल. मला कळलं ते बसमध्ये शेजारी बसलेल्या एका बाईकडून.

काम काय असतं? पेशंटला किती डोस, कुठल्या कोनातून, शेजारच्या अवयवाला किती कमी, हे गणित आमचं. आणि मशीन तेवढाच डोस देतंय ना, हे मोजणंही आमचं. मोजायला आयन चेंबर वापरतो. बोटाच्या पेरापेक्षा लहान पोकळी, आत साधी हवा. रेडिएशननं त्या हवेत आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, तयार होतात, ते मोजायचे. आता हे चेंबर कॅलिब्रेट केलेलं असतं 20 अंश तापमान आणि 1013 मिलिबार दाबासाठी, म्हणजे समुद्रसपाटीच्या हवेसाठी. आपलं कोल्हापूर साडेपाचशे मीटरवर. इथं दाब 950 च्या आसपास. हवा विरळ, म्हणून आयन कमी, म्हणून रीडिंग सहा-सात टक्के कमी येतं. दुरुस्ती करायला विसरलात तर वाटणार मशीनच कमी देतंय, तुम्ही ते वाढवणार, आणि प्रत्येक पेशंटला तेवढा डोस जास्त जाणार. आमच्याकडं एकूण चूक पाच टक्क्यांच्या आत ठेवायची असते. ती दुरुस्ती म्हणजे अकरावीतलं वायूचं समीकरण, दुसरं काही नाही. परीक्षेत दोन मार्कांना यायचं.

बीएस्सीतलं एक प्रॅक्टिकल अजून डोळ्यासमोर आहे. न्यूटन्स रिंग्ज, म्हणजे वर्तुळं मोजून प्रकाशाची तरंगलांबी काढायची. अंधारी खोली, सोडियम दिव्याचा पिवळा उजेड, ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपखाली नाण्याएवढीही नसलेली वर्तुळं. कुणाचा धक्का लागला की सगळं हललं, परत पहिल्यापासून. मी कंटाळून रीडिंग कुक केली, उत्तर आणलं बरोब्बर पुस्तकातलं, 5893 अँगस्ट्रॉम. सरांनी जर्नल बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि म्हणाले, "एवढं बरोबर कसं आलं?" परत घ्यायला लावली. दुसऱ्यांदा आलं 6110. त्यावर त्यांनी सही केली. सकाळी सातला मशीनसमोर उभी राहते आणि रीडिंग जरा वाकडं येतं, तेव्हा ते 6110 आठवतं. हवं ते उत्तर आणायचा मोह प्रत्येकाला होतो हो.

माझ्या वर्गातले बाकीचे? तिघं आयटीत, एक बँकेत, एक पुण्यात हवामान खात्यात, एकजण पीएचडीला जर्मनीत गेला तो तिकडंच. दोघांनी बीएड केलं. एक गुऱ्हाळ चालवतो आणि मजेत आहे. म्हणजे निम्म्यांचं फिजिक्स सुटलं, हेही काकांपासून लपवलं नाही.

पण आत्ता या पोराच्या वयाची असते तर मी हिंगोलीकडं बघितलं असतं. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहणार आहे, 2023 साली केंद्रानं त्यासाठी सुमारे 2,600 कोटी मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आत निर्वात नळ्या, त्यातून लेझर, आणि दूरवर कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की अवकाशात उठणारी थरथर मोजायची. त्याला खगोलशास्त्रज्ञ लागतील तसे व्हॅक्यूम, लेझर, इलेक्ट्रॉनिक्स सांभाळणारेही लागतील. मराठवाड्यातल्या किती कॉलेजांच्या नोटीस बोर्डावर हे लागलंय, कुणी सांगेल का?

पोराला मी तीनच गोष्टी सांगितल्या. गणित सोडू नकोस, पहिल्या वर्षी भलतं काहीतरी सोपं म्हणून घेशील आणि क्वांटमला रडशील. पायथन शीक. आणि तिसऱ्या वर्षी 'जॅम' ही एमएस्सीची प्रवेश परीक्षा दे, एमएस्सी आयआयटीत मिळाली तर पुढची दारं आपोआप दिसायला लागतात, कारण तिथं ती सांगणारी माणसं असतात. घरची परिस्थिती लगेच कमावण्याची असेल तर मात्र हा रस्ता लांबचा आहे. पाच वर्षं शिक्षण, वर दोन. काकांना हे बोटं मोजून दाखवलं.

काका बोटं मोजत असताना पोरगा पहिल्यांदा बोलला. "ताई, मग ते आयन चेंबर पन्हाळ्यावर ठेवलं तर?"

म्हटलं, तूच सांग, पन्हाळा आपल्यापेक्षा चारशे मीटर उंच धर. त्यानं पेपरच्या कोपऱ्यावर काहीतरी खरडलं. "रीडिंग अजून चार-साडेचार टक्के कमी येईल."

काकांनी पेपर घडी करून खिशात घातला आणि विचारलं, "ते असू दे. तुमचा पगार किती?"

तोही सांगितला. इथं नाही सांगत, माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये नातेवाईक आहेत.