लेवोडोपा लांबवू नका

कंपवातावरची (पार्किन्सनवरची) लेवोडोपा ही गोळी होईल तितकी लांबवा, असं एका लेखात म्हटलंय, ते पटलं नाही. 2019 च्या लीप अभ्यासात ती 40 आठवडे उशिरा सुरू करून काही फायदा दिसला नाही. सत्तरीत शर्टाचं बटण लागेना, पाय घसटायला लागले, तर हीच गोळी पहिली. कंपावरची दुसरी गोळी, ट्रायहेक्सिफेनिडिल, म्हाताऱ्या माणसाला नकोच, विसर वाढतो, लघवी अडते.

आपल्या बीड-परभणीकडं खरा घोळ मळमळीचा. लेवोडोपासोबत मळमळ कमी करायला कार्बिडोपा घातलेलं असतं; 110 च्या गोळीत ते फक्त 10 मिलिग्रॅम, 125 च्या गोळीत 25. दिवसाला 75 मिलिग्रॅम कार्बिडोपा तरी पोटात जायला हवं, नाहीतर मळमळतं. मग कुणी उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइडचं इंजेक्शन टोचलं की कंप अन् ताठरपणा आणखी वाढतो! ते घेऊच नका. डॉक्टरांना उलटीवरच्या डोमपेरिडोनचं विचारा.