तीन दिवसांत न्यूरो? त्या मेसेजचा मुद्देसूद समाचार

पहिल्या वर्षाची परीक्षा तोंडावर आली की एमबीबीएस, बीएएमएस, फिजिओथेरपी, नर्सिंग अशा सगळ्यांच्याच ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर तोच असतो. न्यूरोॲनाटॉमीचे (मेंदू आणि मज्जारज्जूच्या रचनेचे) प्रश्न ठरलेले असतात. ट्रॅक्टच्या (संदेश नेणाऱ्या तंतूंच्या मार्गांच्या) आकृत्या काढत बसू नका, डावा मेंदू उजवी बाजू चालवतो एवढा नियम पुरे. मणका आणि कॉर्डची (मज्जारज्जूची) लेव्हल एकच धरा. क्रेनियल नर्व्हचं (डोक्यातल्या बारा नसांच्या जोड्यांचं) निमोनिक, म्हणजे क्रम लक्षात ठेवायचं वाक्य, पाठ करा. सेक्शनच्या (मेंदूच्या कापांच्या) वाटेला न जाता थ्रीडी ॲप बघा. ब्लड सप्लायला मार्क कमी, तो सोडा. तीन दिवसांत न्यूरो खिशात.

यातलं थोडं खरं आहे, ते पुढे येईलच. पण मेसेज लिहिणाऱ्याने न्यूरोॲनाटॉमी म्हणजे नावांची यादी असं गृहीत धरलंय, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. व्हायव्हात (तोंडी परीक्षेत), ओपीडीत आणि वॉर्डात या विषयातून फिरून फिरून एकच प्रश्न येतो: बिघाड नेमका कुठे आहे? एमबीबीएसला २०१९ पासून लागू झालेल्या क्षमताधारित अभ्यासक्रमातही सिरिंगोमायेलिया, मेड्युलरी सिंड्रोम, वेबर सिंड्रोम या विकारांमागची शरीररचना समजावून सांगता यावी, असं स्पष्ट म्हटलं आहे. ते यादी पाठ करून जमत नाही.

"डावा मेंदू उजवी बाजू चालवतो, हे लक्षात ठेवा; ट्रॅक्ट सोडा"

सगळ्यात महागात पडणारा सल्ला हाच. बाजू बदलते हे खरं, पण प्रत्येक मार्ग ती वेगळ्या ठिकाणी बदलतो आणि उत्तर त्या ठिकाणावर ठरतं.

हालचालीचा हुकूम नेणारा कॉर्टिकोस्पायनल ट्रॅक्ट मोटर कॉर्टेक्समधून (मेंदूच्या पृष्ठभागावरून) निघतो, इंटर्नल कॅप्सूलच्या पोस्टेरियर लिंबमधून, मिडब्रेनच्या क्रस सेरेब्रीतून आणि पॉन्समधून उतरतो. मेड्युलाच्या खालच्या टोकाला त्याचे साधारण ८५ ते ९० टक्के तंतू पलीकडे जातात. डॉर्सल कॉलम, म्हणजे कंपन, सांध्याची स्थिती आणि नेमका स्पर्श नेणारा मार्ग, कॉर्डमध्ये बाजू बदलतच नाही. तो आला त्याच बाजूने मेड्युलापर्यंत चढतो, तिथे ग्रॅसाइल किंवा क्युनिएट न्यूक्लियसमध्ये (पेशींच्या पुंजक्यात) त्याला दुसरी पेशी भेटते आणि मग त्या पेशीचे तंतू ओलांडतात. वेदना आणि तापमान नेणारा स्पायनोथॅलॅमिक मात्र घाई करतो: कॉर्डमध्ये शिरल्यावर एक-दोन सेगमेंटच्या (कॉर्डच्या तुकड्यांच्या) आतच तो अँटेरियर व्हाइट कमिशरमधून (कॉर्डच्या मधल्या पट्टीतून) पलीकडे निघून जातो.

आता कॉर्डची फक्त उजवी अर्धी बाजू टी१० (टी म्हणजे थोरॅसिक, छातीचा भाग) सेगमेंटला कापली गेली असं समजा. उजवा पाय लुळा पडेल. कंपनाची आणि सांध्याच्या स्थितीची जाण उजव्याच पायातली जाईल. टाचणी टोचलेली मात्र डाव्या पायाला कळणार नाही, आणि ती सीमा टी१० च्या एक-दोन सेगमेंट खालून सुरू होईल. हा ब्राउन-सेकार्ड सिंड्रोम. मेसेजमधला नियम लावलात तर तीनपैकी दोन उत्तरं चुकतात.

सिरिंगोमायेलियातही तो नियम कामाचा नाही. तिथे पोकळी कॉर्डच्या मधोमध वाढते आणि सगळ्यात आधी अँटेरियर व्हाइट कमिशर दाबते. तिथून दोन्ही बाजूंचे वेदनेचे तंतू ओलांडत असतात, म्हणून दोन्ही हात आणि खांदे बधिर होतात, तेही फक्त वेदना आणि तापमानाला. बोट भाजतं पण कळत नाही, स्पर्श मात्र शाबूत. पाय बरेचदा सुटतात, कारण पायांकडून आलेले तंतू खालीच ओलांडून बाजूच्या पांढऱ्या भागात गेलेले असतात.

लहान मेंदू तर नियम सरळच मोडतो. उजव्या सेरेबेलममध्ये बिघाड असेल तर उजवाच हात नाकाशी नेताना थरथरतो. सेरेबेलमचे बाहेर पडणारे तंतू मिडब्रेनमध्ये एकदा ओलांडून विरुद्ध बाजूच्या थॅलॅमसला (मेंदूच्या आतल्या संदेशकेंद्राला) आणि तिथून मोटर कॉर्टेक्सला जातात. कॉर्टेक्सचा हुकूम खाली येताना पुन्हा ओलांडतो. दोनदा बाजू बदलली की माणूस मूळ बाजूलाच येतो.

यावर उपाय आकृतीच, पण पुस्तकातली बघून उतरवलेली नव्हे. कागद आडवा धरा, पाच आडव्या पट्ट्या आखा: कॉर्टेक्स, मिडब्रेन, पॉन्स, मेड्युला, कॉर्ड. मधून एक उभी रेघ. तीन मार्ग तीन रंगांत काढा आणि प्रत्येकासाठी तीन गोष्टी लिहा: पहिल्या पेशीचं शरीर कुठे, ओलांडणं कुठे, शेवट कुठे. मग पेन्सिलने कुठेही फुली मारा आणि कोणत्या बाजूला काय जाईल ते कागदाकडे बघून सांगा. फुली पुसा, दुसरीकडे मारा. परीक्षक व्हायव्हात हेच करतो, फक्त फुली तोंडी असते.

"मणक्याची आणि कॉर्डची लेव्हल एकच"

मानेच्या वरच्या भागात हे साधारण चालून जातं, त्याखाली सपशेल चुकतं. गर्भाच्या तिसऱ्या महिन्यापर्यंत कॉर्ड पाठीच्या कण्याइतकीच लांब असते. पुढे कणा वेगाने वाढतो, कॉर्ड मागे पडते. जन्माच्या वेळी तिचं टोक एल३ च्या (तिसऱ्या लंबर, म्हणजे कमरेच्या मणक्याच्या) आसपास असतं, मोठ्या माणसात एल१ च्या खालच्या कडेशी. म्हणजे लंबर, सॅक्रल आणि कॉक्सिजियल मिळून अकरा सेगमेंट शेवटच्या दोन-तीन थोरॅसिक मणक्यांच्या आणि एल१ च्या मागे दाटीवाटीने बसलेले असतात.

मणक्याच्या मागच्या काट्यावरून सेगमेंट काढायचा एक व्यवहारी हिशेब आहे. मानेच्या भागात मणक्याच्या आकड्यात १ मिळवा, टी१ ते टी६ मध्ये २, टी७ ते टी९ मध्ये ३. टी१० च्या काट्याजवळ एल१-एल२ सेगमेंट, टी११ जवळ एल३-एल४, टी१२ जवळ एल५ आणि एल१ जवळ सगळे सॅक्रल. बेंबीपासून खाली बधिरता असलेला रुग्ण आला तर बिघाड टी१० सेगमेंटला, पण तो सेगमेंट सातव्या थोरॅसिक काट्याच्या आसपास. पाय लुळे म्हणून फक्त कमरेचा एमआरआय काढला तर खरी जागा फिल्मच्या बाहेर राहते.

नर्व्ह रूटचा (कॉर्डमधून निघणाऱ्या नसेच्या मुळाचा) हिशेब वेगळा, आणि इथे मुलं हमखास गोंधळतात. मानेत मणके ७, नर्व्ह ८. सी१ ते सी७ आपापल्या मणक्याच्या वरून बाहेर पडतात, सी८ सी७ च्या खालून, आणि तिथून पुढे प्रत्येक नर्व्ह आपल्या मणक्याच्या खालून. मग एल४-एल५ ची चकती सरकली तर एल४ दबायला हवा, असं वाटतं. प्रत्यक्षात बहुतेक वेळा एल५ दबतो. एल४ चा रूट चकतीच्या पातळीच्या वरच, एल४ च्या पेडिकलखालून निघून गेलेला असतो. चकतीच्या मागून खाली जाणारा असतो तो एल५. (चकती अगदी बाहेरच्या बाजूला सरकली तरच एल४ सापडतो.) त्याच हिशेबाने एल५-एस१ च्या चकतीने एस१ दबतो, म्हणजे घोट्याची प्रतिक्षिप्त क्रिया (अँकल जर्क) जाते. फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांनी सगळं सोडलं तरी हा परिच्छेद सोडू नये.

लंबर पंक्चरही (कमरेत सुई घालून पाणी काढणं) याच गणितावर चालतं. दोन्ही इलियाक क्रेस्टच्या (कमरेच्या हाडांच्या कडांच्या) सर्वांत वरच्या बिंदूंना जोडणारी रेघ एल४ च्या काट्यावरून किंवा एल४-एल५ च्या फटीवरून जाते. सुई एल३-एल४ किंवा एल४-एल५ मध्ये, कारण तिथे कॉर्ड संपलेली असते आणि सबअरॅक्नॉइड जागा (कॉर्डभोवतीच्या पाण्याची) एस२ पर्यंत उरलेली असते. बाळाची कॉर्ड खाली उतरलेली, म्हणून तिथे वरची फट घ्यायची नाही.

"क्रेनियल नर्व्हचं निमोनिक पाठ करा, बारा नावं आली की झालं"

निमोनिक जरूर वापरा, क्रम त्यानेच बसतो. पण ते तीन 'ओ'ने सुरू होतं, आणि ऑल्फॅक्टरी, ऑप्टिक, ऑक्युलोमोटर यांतला कोणता 'ओ' आधी हे ते सांगत नाही. शिवाय बिघाड शोधताना क्रमाचा उपयोग थोडाच, जागेचा जास्त. ३ आणि ४ मिडब्रेनचे, ५ पॉन्सचा, ६, ७, ८ पॉन्स आणि मेड्युलाच्या सांध्यावर बाहेर पडतात, ९ ते १२ मेड्युलाचे, त्यात ११ चा स्पायनल भाग कॉर्डच्या वरच्या सर्व्हायकल सेगमेंटमधून येतो. ३, ४, ६, १२ या चौघांचे मोटर न्यूक्लियस मधल्या रेषेलगत असतात. उजवा डोळा बाहेर-खाली वळलेला, पापणी पडलेली आणि डावं अंग लुळं असेल तर बिघाड उजव्या मिडब्रेनच्या पुढच्या भागात, दुसरीकडे कुठे तो बसतच नाही. हाच वेबर.

सातव्या नर्व्हची (चेहऱ्याच्या फेशियल नर्व्हची) एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. कपाळाच्या स्नायूंना हुकूम मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून मिळतो, तोंडाच्या खालच्या भागाला मुख्यतः विरुद्ध बाजूच्या मेंदूकडून. रुग्णाला भुवया वर करायला सांगा. ओठ वाकडा आहे पण कपाळावर दोन्हीकडे आठ्या पडतात, तर बिघाड वर, मेंदूत. आठ्याही पडत नाहीत आणि डोळाही मिटत नाही, तर बिघाड नर्व्हमध्ये किंवा तिच्या न्यूक्लियसमध्ये. नर्सिंगच्या विद्यार्थ्याला कॅज्युअल्टीत हा फरक ओळखता आला तर पक्षाघाताच्या रुग्णाचा वेळ वाचतो.

"सेक्शन बघायची गरज नाही, थ्रीडी ॲप पुरे"

ॲपला एक श्रेय द्यायलाच हवं. कॉडेट न्यूक्लियस आणि लॅटरल व्हेंट्रिकलचा (मेंदूतल्या पोकळीचा) वळसा कागदावर कधीच नीट कळत नाही. ॲपवर फिरवून पाहिला की एका मिनिटात कळतो. पण स्पॉटिंगला (पिन लावलेला भाग ओळखायच्या परीक्षेत) टेबलावर ट्रे असतो, त्यात फॉर्मेलिनमधून काढलेला राखाडी-पिवळट तुकडा, आणि त्यात पिन. ॲपमधली लाल-निळी रंगसंगती तिथे नसते.

दुसरी अडचण रंगांचीच. पुस्तकातले ब्रेनस्टेमचे (मिडब्रेन, पॉन्स आणि मेड्युलाचे) फोटो बरेचदा मायलिन रंगवलेल्या स्लाइडचे असतात. त्यात व्हाइट मॅटर काळं दिसतं आणि ग्रे मॅटर फिकं. ट्रेमधल्या तुकड्यात बरोबर उलटं. एमआरआयच्या टी१ फिल्ममध्ये तुकड्यासारखंच, टी२ मध्ये पुन्हा उलटं (इथे टी१, टी२ हे एमआरआयचे प्रकार, मणके नव्हेत). त्यात दिशेची भर: पुस्तकात मिडब्रेनची मागची बाजू बहुधा वर काढलेली असते, एमआरआयमध्ये पुढची बाजू वर येते आणि रुग्णाची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला. म्हणून प्रत्येक सेक्शन हातात घेतल्यावर आधी पुढची बाजू आणि मागची बाजू ठरवा, मगच नावं.

ब्रेनस्टेमचे सात सेक्शन पुरतात. मेड्युलाचे तीन: पिरॅमिडचं डेकसेशन (तंतूंचं ओलांडणं), सेन्सरी डेकसेशन, आणि ऑलिव्हची पातळी. पॉन्सचे दोन: खाली फेशियल कोलिक्युलस, वर ट्रायजेमिनल. मिडब्रेनचे दोन: इन्फीरियर कोलिक्युलसला चौथ्याचं न्यूक्लियस आणि सुपीरियर सेरेबेलर पेडंकलचं डेकसेशन, सुपीरियर कोलिक्युलसला तिसऱ्याचं न्यूक्लियस आणि रेड न्यूक्लियस. दोघांत गोंधळ झाला तर रेड न्यूक्लियस शोधा.

अख्ख्या गोलार्धावर सेंट्रल सल्कस शोधताना बाहेरच्या बाजूने सुरुवात करू नका, तिथे सगळ्या खाचा सारख्याच दिसतात. वरच्या कडेचा मध्यबिंदू काढा; त्याच्या साधारण १ सेंटिमीटर मागे जी खाच कड ओलांडून आतल्या पृष्ठभागावर उतरते, ती.

"ब्लड सप्लायला मार्क कमी"

मार्क कमी असतीलही, रुग्ण कमी नाहीत. पाय जास्त लुळा तर बिघाड अँटेरियर सेरेब्रल धमनीत, चेहरा आणि हात जास्त तर मिडल सेरेब्रल, विरुद्ध बाजूचं अर्धं दृश्य गेलं तर पोस्टेरियर सेरेब्रल. चेहऱ्याची वेदना एका बाजूची आणि अंगाची दुसऱ्या बाजूची गेली, सोबत आवाज घोगरा आणि गिळायला त्रास, तर मेड्युलाची बाहेरची बाजू, म्हणजे व्हर्टेब्रल किंवा पिका (पोस्टेरियर इन्फीरियर सेरेबेलर) धमनी. विलिसचं वर्तुळ (मेंदूच्या तळाशी असलेलं धमन्यांचं कडं) पाच मिनिटांत काढता येतं आणि तेवढ्या वेळाची किंमत निघते.

"तीन दिवस बास"

संपूर्ण न्यूरोला बास नाहीत. पण हातात खरंच तीनच दिवस उरले असतील तर पहिला दिवस कॉर्ड, तीन ट्रॅक्ट आणि मणक्यांचा हिशेब. दुसरा ब्रेनस्टेमचे सात सेक्शन आणि क्रेनियल नर्व्ह. तिसरा इंटर्नल कॅप्सूल, रक्तपुरवठा, व्हेंट्रिकल आणि सीएसएफचा (मेंदू आणि कॉर्डभोवतीच्या पाण्याचा) मार्ग. सीएसएफ एका वेळी सुमारे १५० मिलिलिटर असतं आणि दिवसाला सुमारे ५०० तयार होतं, हे आकडे तोंडी विचारतात. सोडायचंच असेल तर रेटिक्युलर फॉर्मेशनचे उपविभाग, रुब्रोस्पायनल ट्रॅक्ट आणि थॅलॅमसच्या न्यूक्लियसची लांब यादी सोडा. थॅलॅमसचे पाच पुरेत: अंगाच्या संवेदनेचा व्हीपीएल, चेहऱ्याचा व्हीपीएम, दृष्टीचा लॅटरल जेनिक्युलेट, श्रवणाचा मेडियल जेनिक्युलेट आणि सेरेबेलमकडून येणाऱ्या तंतूंचा व्हीएल.