ती सरळ रेषा सव्वाशे किलोमीटर रुंद आहे

केदारनाथ, कालेश्वरम, श्रीकालहस्ती, कांचीचा एकांबरेश्वर, तिरुवानैकावलचा जंबुकेश्वर, तिरुवण्णामलै, चिदंबरम, रामेश्वरम. ही आठ शिवमंदिरं ७९ अंश ४१ मिनिटं ५४ सेकंद (दशांशात ७९.७०) या एकाच रेखांशावर चार हजार वर्षांपूर्वी बांधली आणि ते पाहून नासावाले थक्क झाले, असा मेसेज श्रावण आला की उगवतो. इतकी वर्षं मी तो न वाचताच पुढे सरकवत होतो. यंदा नागपूरच्या महाल भागातल्या मामींनी तो वाचून एका टूरवाल्याकडे ‘शिवरेखा यात्रे’चे पैसे भरले. रेषेवर ध्यानाला बसलं की गुडघे बरे होतात म्हणे, आणि त्या ध्यानाचा चार्ज वेगळा. मग मात्र डोकं फिरलं.

मोबाइलवर नकाशा उघडा, मंदिरावर बोट दाबून धरा, आकडे समोर येतात. केदारनाथ ७९.०७. तिरुवण्णामलैही ७९.०७. रामेश्वरम ७९.३२. कालेश्वरम ७९.९१. जंबुकेश्वर तर ७८.७१, म्हणजे एकोणऐंशीत सुद्धा नाही! पूर्व-पश्चिम फरक १.२ अंशांचा. दक्षिणेत एक अंश म्हणजे शंभर किलोमीटरच्या वर, तेव्हा ही ‘रेषा’ सव्वाशे किलोमीटर रुंदीची निघाली. नागपूरकरांना सोपं करून सांगायचं तर केदारनाथाचा रेखांश आपल्या सीताबर्डीला लागून जातो आणि मेसेजमधला रेखांश भंडाऱ्याच्याही पलीकडून. एवढ्या पट्ट्यात रामटेक बसतं, वैनगंगेकाठचं मार्कंडा बसतं, बर्डीचा भाजीबाजारही बसतो. उलट बारा ज्योतिर्लिंगांपैकी उज्जैनचा महाकाल ७५.७७ वर, तो यादीतून गुपचूप गायब.

एक गोष्ट मान्य करावी लागते. कालहस्ती, कांची आणि चिदंबरम ही तीन खरोखरच ७९.६९ ते ७९.७० मध्ये आहेत, एखाद-दोन किलोमीटर इकडेतिकडे. या मेसेजचं जुनं रूप या तिघांपुरतंच होतं. तेवढ्यावर थांबले असते तर मीही ‘वा’ म्हटलं असतं. पण कोणाला तरी तीन कमी वाटले.

सगळ्यात डोक्यात जाणारा मुद्दा चिदंबरमचा: नटराजाच्या पायाचा अंगठा म्हणे पृथ्वीच्या चुंबकीय विषुववृत्ताचा मध्यबिंदू. अहो, चुंबकसुई जिथे जमिनीला समांतर राहते ती ही रेषा, ती पृथ्वीला वेढून गेलेली आहे, त्यावर मधला बिंदू शोधायचा कुठे? शिवाय हे विषुववृत्त चिदंबरमहून जातही नाही. भारतात ते केरळच्या दक्षिण टोकाकडून जातं. म्हणूनच विक्रम साराभाईंनी रॉकेट सोडायला थुंबा हे मच्छीमारांचं गाव निवडलं आणि २१ नोव्हेंबर १९६३ ला तिथून पहिलं रॉकेट उडालं. थुंबा साडेआठ अक्षांशावर, चिदंबरम ११.४ वर, मध्ये तीनशे किलोमीटर. वर हे विषुववृत्त एका जागी राहत नाही, हळूहळू सरकतं. उद्या आणखी सरकलं की नटराजानं पाय उचलून ठेवायचा का?

आणि याच्या नादात चिदंबरमला खरं काय आहे ते राहूनच जातं. तिथे नटराजाच्या बाजूला पडदा असतो. तिथले पुजारी, दीक्षित, तो बाजूला करतात आणि आत मूर्ती नसते, नुसत्या सोन्याच्या बेलपानांच्या माळा लोंबत असतात. पंचमहाभूतांतलं आकाश पुजायचं ते असं, रिकाम्या जागेत. जंबुकेश्वराकडे जलतत्त्व, गाभाऱ्यात पाणी झिरपतं आणि दुपारच्या पूजेला पुजारी साडी नेसून, अखिलांडेश्वरी होऊन शिवाला पुजतो. कांचीला पृथ्वी, तिथलं लिंग पार्वतीनं वाळूचं केलं अशी कथा, म्हणून त्यावर पाणी घालत नाहीत. कालहस्तीला वायू, तिरुवण्णामलैला अग्नी. झाली पंचमहाभूतांची पाच देवळं. केदारनाथ, रामेश्वरम आणि कालेश्वरम या पाचांत कधीच नव्हते, ते रेषा लांबवायला ओढून आणले.

कालेश्वरमला तर कोणत्याही रेषेची गरज नाही. आपल्या सिरोंचासमोर, प्राणहिता गोदावरीला मिळते तिथे ते आहे. नाग नदीचं पाणीसुद्धा कन्हान, वैनगंगा करत तिथेच पोचतं. एकाच शाळुंकेवर दोन लिंगं, एक काळाचं म्हणजे यमाचं, दुसरं मुक्तेश्वराचं. मुक्तेश्वराच्या लिंगातल्या छिद्रांत ओतलेलं पाणी आतल्या आत संगमाला जातं अशी श्रद्धा. मामींना तिथे न्यायला मी तयार आहे, ध्यानाचा चार्ज न घेता.

चार हजार वर्षांचं म्हणाल तर तमिळ देशात दगडी मंदिरं उभी राहू लागली ती पल्लवांच्या काळात, सातव्या शतकाच्या आसपास. कांचीचं मोठं गोपुर कृष्णदेवरायाचं, १५०९ चं. जागा जुन्या असतील, कथा त्याहून जुन्या असतील, ते वेगळं.

राहिली नासा. कोणता शास्त्रज्ञ थक्क झाला, कोणत्या साली, त्यानं ते कुठे छापलं, हे मेसेज पाठवणाऱ्यांपैकी ज्याला माहीत असेल त्यानं खाली लिहावं. पुन्हा तोच मेसेज फॉरवर्ड करू नये.